अभिप्रायार्थ सादर

(द्वितीय वर्ष कला)

माझे वडील बाजार समितीत हमाल आहेत. लेख संगणकांच्या जाळ्यावरचा आणि आरंभ हमालीने कसा, असे वाचकांना वाटेल. पण मला ही गोष्ट वर्गात कळली नाही, गोण्यांच्या भाषेत कळली, म्हणून तिथूनच सांगते.

यंदा आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही संगणकाची तोंडओळख करून देणारा एक लहानसा अभ्यासक्रम होता. एका तासाला सरांनी फळ्यावर चौकोन आणि बाण काढून 'पॅकेट' म्हणजे काय ते समजावले. संदेश अखंड जात नाही, त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा आपला पत्ता घेऊन मिळेल त्या वाटेने जातो आणि मुक्कामी सगळे पुन्हा जुळवले जातात. शेवटी सरांनी "कुणाला शंका?" असे विचारले. मला होती. मी उभी राहिले नाही. दीड वर्ष महाविद्यालयात काढून शंका न विचारण्याची कला मी चांगली अवगत केली आहे.

रात्री जेवताना अण्णांनी नेहमीप्रमाणे "आज काय शिकवलं?" म्हणून विचारले. अण्णा चौथी पास. आठवले तेवढे मी सांगितले. अण्णा म्हणाले, "मग यात नवीन काय? एका शेतकऱ्याचा माल एका गाडीत मावला नाही, तर चार गाड्यांत भरायचा. एक गाडी घाटातून गेली, दुसरी फिरून गेली. गोणीवर चिठ्ठी असली म्हंजी तिकडचा बरोबर थप्पी लावतो. एखादी गोणी कमी आली तर फोन करतो." मी म्हटले, हो, हेच. मग घास हातात तसाच ठेवून ते म्हणाले, "पर चिठ्ठीवर काय लिहायचं आन् कुठं लिहायचं, हे इकडच्याला आन् तिकडच्याला एकच ठावं पायजे. ते ठरवलं कोनी?"

हा प्रश्न मला वर्गात सुचला नव्हता. आणि खरे सांगते, त्याचे उत्तर शोधायला गेले तेव्हा एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाचे नाहीतर एखाद्या कंपनीचे नाव सापडेल अशीच माझी समजूत होती. सापडले ते निराळेच. ठरवले ते विद्यार्थ्यांनी!

हकीकत थोडक्यात अशी. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याची 'आर्पा' ही संशोधन संस्था निरनिराळ्या विद्यापीठांना संगणकासाठी पैसे देत होती. संगणक म्हणजे तेव्हा खोलीभर यंत्र. प्रत्येक ठिकाणचे यंत्र वेगळे, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. संदेशाचे तुकडे करून पाठवावे ही कल्पना अमेरिकेत पॉल बॅरन यांना आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली होती. 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांचे. तुकडे इकडून तिकडे नेणारी कपाटाएवढी छोटी यंत्रे बनवण्याचे काम मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावच्या बीबीएन या कंपनीकडे गेले. म्हणजे रस्ते झाले, गाड्याही झाल्या. परंतु माल पोचल्यावर गोणी उघडायची कशी, आत काय आहे हे ओळखायचे कसे, एका यंत्राने दुसऱ्याला नमस्कार तरी कोणत्या शब्दांत करायचा, हे ठरवण्याचे काम रीतसर कोणाकडेच सोपवलेले नव्हते. ते आपोआप आले पहिल्या चार ठिकाणच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अंगावर. ही चार ठिकाणे म्हणजे लॉस एंजेलिसचे विद्यापीठ, स्टॅनफर्ड संशोधन संस्था, सांता बार्बराचे विद्यापीठ आणि यूटा विद्यापीठ.

१९६८ साली ही मुले एकत्र भेटू लागली. आपल्या मंडळीला त्यांनी 'नेटवर्क वर्किंग ग्रुप' म्हणजे जाळ्याचा कार्यगट असे साधे नाव घेतले. त्यांत लॉस एंजेलिसचा स्टीव्ह क्रॉकर होता, व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल होते. हे तिघेही एकाच शाळेचे माजी विद्यार्थी. स्टॅनफर्डचा जेफ रुलिफसन होता, यूटाचा स्टीव्ह कार होता. पुढे यांतल्या काहींची नावे जगभर झाली, पण त्या वेळी त्यांना कोणी विचारत नव्हते. यंत्रे तर चार दिशांची. स्टॅनफर्डच्या यंत्राचा 'शब्द' २४ बिटांचा, लॉस एंजेलिस आणि सांता बार्बराच्या यंत्रांचा ३२ बिटांचा, यूटाच्या यंत्राचा ३६ बिटांचा. एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्यात चालू नये त्यातलाच प्रकार. यांत्रिक तपशील मला फारसा कळत नाही आणि कळल्याचा आव आणत नाही. मला भावले ते या मुलांनी आपले काम कागदावर कसे आणले ते.

१९६९ च्या वसंतात क्रॉकरवर आतापर्यंतच्या चर्चेची टिपणे लिहून काढण्याची पाळी आली. वय चोवीस. तो मित्रांच्या घरी उतरला होता आणि रात्री सगळे झोपलेले. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने स्नानगृहात बसून लिहिले! हे त्याने स्वतःच पुढे २००९ साली एका वृत्तपत्रात सांगितले आहे. लिहिताना त्याला एकच धास्ती होती. आपण तर नुसते विद्यार्थी, आपल्याला काय अधिकार? उद्या पूर्वेकडून कोणी खरे जाणकार, अधिकृत लोक येतील आणि म्हणतील, तुम्हांला हे ठरवायला सांगितले कोणी? म्हणून त्याने त्या टिपणांना 'नियम' म्हटले नाही, 'मानक' म्हटले नाही. नाव दिले 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', अभिप्रायासाठी विनंती. आपल्याकडच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर 'अभिप्रायार्थ सादर'.

पहिल्या टिपणावर तारीख आहे ७ एप्रिल १९६९. जाळे अजून बांधलेलेच नव्हते, त्यामुळे जाळ्याविषयीची ही टिपणे टंकलिखित करून मोजक्या ठिकाणी एकेक प्रत टपालाने जात असे. इंटरनेट पोस्टमनने पोचवले, हे ऐकून आमच्या गावच्या पोस्टमनकाकांना फार आनंद झाला.

त्याच महिन्यात निघालेले तिसऱ्या क्रमांकाचे टिपण टिपणे कशी लिहावीत याविषयी आहे. ते जेमतेम पानभर आहे. माझे इंग्रजी बेताचेच, पण ते मी ग्रंथालयात बसून मोबाईलवर तीनदा वाचले. त्यात म्हटले आहे की टिपण घोटूनघासून लिहिण्यापेक्षा वेळेवर लिहिलेले बरे. उदाहरण न देता नुसते मत मांडले तरी चालेल. पार्श्वभूमी न सांगता नुसती युक्ती सांगितली तरी चालेल. उत्तराचा प्रयत्नही न करता नुसता प्रश्न विचारला तरी चालेल. टिपणाची किमान लांबी एक वाक्य. आणि या सवलतीची दोन कारणे दिली आहेत. लिहिलेले म्हटले की लोक ते प्रमाण मानू लागतात, तसे होऊ नये. आणि कच्चे लिखाण बाहेर काढायला माणूस संकोचतो, तो संकोच कमी व्हावा.

तिसऱ्या वाचनाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. संगणकावरचा कागद वाचून रडणारी मुलगी म्हणून मैत्रिणींनी माझी पुष्कळ थट्टा केली. पण त्यामागे कारण होते, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही.

आमच्या घरात कागद ही भिण्याची वस्तू आहे. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर फडके गुंडाळून आमचे कागद असतात: शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. आजीचे नाव शिधापत्रिकेवर चुकीचे पडले होते, ते दुरुस्त होईपर्यंत आजी गेली. गेल्या वर्षी माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, कारण आडनावातली एक वेलांटी एका कागदावर ऱ्हस्व होती, दुसऱ्यावर दीर्घ. त्या वेलांटीपायी अण्णांची तीन दिवसांची हमाली बुडाली. ज्या घरात अशा वेलांट्यांची किंमत रोजाने मोजावी लागते, त्या घरातली मुलगी अर्धवट काही लिहून लोकांपुढे ठेवील कशी? कागद म्हणजे शेवटचे, कागद म्हणजे निकाल, हेच आम्ही शिकलो. म्हणून तर आमच्यासारखी मुले परीक्षेला तयार उत्तरांची पुस्तके पाठ करतात. गुरुजन आम्हांला त्याबद्दल रागावतात, ते योग्यच. पण आळस हे त्याचे एकमेव कारण नाही. त्या पुस्तकातले उत्तर पूर्ण असते, कोणीतरी तपासलेले असते, आणि चुकलेच तर चूक आपली नसते. हा आधार आहे, आणि तो सोडायला धीर लागतो.

प्रथम वर्षाला असताना मला हा धीर एकदा आला होता. अण्णांच्या टोळीत एक म्हातारे हमाल होते, सगळे त्यांना बाबा म्हणत. पाठ वाकलेली, पण थप्पीवर शेवटची गोणी ठेवायला त्यांनाच बोलवत. मापे मोजताना ते पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. जुने लोक तसेच मोजतात, पण बाबांकडे असे पुष्कळ होते. बारदान, कडता, धडा हे तर सगळ्यांनाच माहीत, पण त्यांच्याकडे गोणी पाठीवर घेण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांना निरनिराळे शब्द होते. मी एका सुटीत बसून त्यांतले सदतीस शब्द वहीत उतरवले. अर्थ कळले निम्म्यांचे. मग ती यादी आणि तिच्याखाली आठ-दहा प्रश्न असे एक पान करून मी एका भित्तिपत्रकासाठी दिले. ते मला प्रेमानेच परत मिळाले. "विषय चांगला आहे, आधी पूर्ण कर, मग आण. असे अर्धवट लावता येत नाही." सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, उलट मी नीट लिहावे अशीच त्यांची इच्छा होती. मी ते पान पेटीत ठेवले, दाखल्यांच्या पिशवीत. पूर्ण करीन म्हणून. दिवाळीच्या आधी बाबा वारले.

आता ते पान पूर्ण होणे नाही. ते भिंतीवर लागले असते तर पूर्ण झाले असते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण आमच्या महाविद्यालयात बाजार समितीतल्या हमालांची, मापाड्यांची, अडत्यांची निदान पंचवीस-तीस मुले असतील. त्यांतल्या एकाने तरी थांबून "अगं, आमचे आजोबा या शब्दाचा अर्थ सांगतील" असे म्हटले असते. तेव्हा बाबाही होते.

यावर एक आक्षेप मीच घेते, कारण तो माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळतो आहे. त्या अमेरिकन मुलांचे काय जात होते? सरकारचा पैसा, उत्तम विद्यापीठे, चुकले तर दुसऱ्या दिवशी नवे टिपण. अर्धवट लिहिण्याचीसुद्धा ऐपत लागते. जाळ्याच्या आरंभीच्या त्या मंडळीत आमच्यासारख्या घरांतली मुले शोधून सापडायची नाहीत. शिवाय पैसा संरक्षण खात्याचा होता आणि व्हिएतनामचे युद्ध चालू होते, हेही विसरता येत नाही. त्या मुलांना देवदूत करण्याची माझी इच्छा नाही.

पण एक गोष्ट मला या आक्षेपापेक्षा वजनदार वाटते. क्रॉकरचे ते नम्र नाव सद्गुणातून आलेले नाही, भीतीतून आले आहे. आपल्याला अधिकार नाही ही भावना त्यालाही होती. मला जी भीती वर्गात बसवून ठेवते तीच भीती त्याला होती, थोड्या कमी प्रमाणात म्हणा. फरक एवढाच की भीती वाटली म्हणून त्याने लिहिणे थांबवले नाही, कागदाचे नाव बदलले. निकाल म्हणून न देता विनंती म्हणून दिला. त्याला वाटले होते, ही तात्पुरती टिपणे जाळे चालू झाले की संपतील. ती संपली नाहीत. आज त्यांचे क्रमांक नऊ हजारांच्या पुढे गेले आहेत आणि जगाचे जाळे अजूनही 'अभिप्रायासाठी विनंती' या मथळ्याखालीच चालते. या मालिकेची एक शिस्त मला फार आवडली. एकदा क्रमांक पडला की ते टिपण बदलत नाहीत, फाडत नाहीत. चूक निघाली तर नव्या क्रमांकाचे टिपण काढून त्यात सांगतात की अमुक आता जुने झाले. चुकलेलेही तिथेच राहते, कोणी लिहिले त्याच्या नावासकट. आमच्या खाडाखोडीला गुण कापणाऱ्या परीक्षकांनी हे एकदा पाहावे!

आणि चूक तर अगदी पहिल्याच दिवशी झाली. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसहून चार्ली क्लाइन नावाच्या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डच्या यंत्राला पहिला संदेश धाडायला घेतला. शब्द होता 'लॉगिन'. दोन्हीकडची माणसे कानाला टेलिफोन लावून बसलेली. एल पोचला? पोचला. ओ पोचला? पोचला. तिसऱ्या अक्षराला स्टॅनफर्डचे यंत्र बंद पडले. सुमारे तासाभराने दुरुस्ती होऊन पुरा शब्द गेला. म्हणजे जगातल्या या सर्वांत मोठ्या यंत्रणेचा पहिला उद्गारही अर्धवटच! (जाता जाता, आपल्याकडचा माथाडी-हमाल कामगारांचा कायदाही १९६९ चाच. त्याचा आणि याचा काही संबंध नाही, पण अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्या सालाला चांगलंच काम झालेलं दिसतंय.")

मघाशी म्हटले की आमच्यासारख्या घरातले त्यांत कोणी नव्हते. पुढे वाचताना एक नाव सापडले आणि मला माझे विधान थोडे मागे घ्यावे लागले. एलिझाबेथ फाइनलर. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावची. घराण्यात महाविद्यालयात जाणारी पहिलीच. शिकली रसायनशास्त्र, संगणक नव्हे. पुढे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत लोकांना माहिती शोधून देण्याचे, म्हणजे जवळजवळ ग्रंथपालाचेच, काम करू लागली. तिथे डग्लस एंगेलबार्ट यांनी, संगणकाचा 'माऊस' ज्यांनी शोधला त्यांनी, १९७२ साली तिला जाळ्यावर कोणत्या ठिकाणी काय आहे याची पुस्तिका तयार करायला सांगितले, कारण त्या वर्षी जाळ्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक व्हायचे होते. ती पुस्तिका तिने केली आणि पुढे १९८९ पर्यंत जाळ्याचे माहिती केंद्र सांभाळले. कोणत्या यंत्राचे नाव काय, पत्ता काय, ही सगळी यादी तिच्या केंद्रात. नवे नाव हवे असेल तर तिथे कळवावे लागे. पत्त्याच्या शेवटी आपण 'डॉट कॉम' किंवा 'डॉट एज्यु' लिहितो, ती नावे ठरवण्यातही तिच्या केंद्राचा हात होता. टिपणांच्या प्रती जतन करणे आणि मागेल त्याला पुरवणे हेही तिथलेच काम.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शोध लावणारा माणूस येतो, यादी करणारी बाई येत नाही. पण क्रमांक घालून, जपून, मागेल त्याला दिले नसते तर त्या मुलांच्या टिपणांचे काय झाले असते? पेटीतल्या पिशवीत गेली असती. जॉन पोस्टेल यांचेही मोठेपण मला यातच दिसते. टिपणांचे संपादन आणि क्रमांकांचा हिशेब त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे, १६ ऑक्टोबर १९९८ ला मृत्यू येईपर्यंत सांभाळला. यंत्रांच्या संभाषणासाठी त्यांनी घालून दिलेला एक दंडक प्रसिद्ध आहे. आपण पाठवताना काटेकोर असावे, दुसऱ्याकडून स्वीकारताना सैल असावे, असा त्याचा आशय. दंडक यंत्रांसाठी आहे, पण वेलांटीवरून अर्ज परत करणाऱ्या खिडकीवर तो लावावा असे मला फार वाटते. त्यांच्या निधनानंतर व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेखही याच मालिकेत क्रमांक घालून निघाला, २४६८.

भारतीय माणूसही यात पहिल्यापासून आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. एका यंत्रावरची फाईल दुसऱ्यावर कशी न्यावी याचे पहिले टिपण, क्रमांक ११४, एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिले. ते कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत शिकत होते. आणि आपल्या देशात जाळे आले तेही संशोधकांच्या गटांमार्फतच. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था होती. जुहू आणि पवई यांच्यातली पहिली पत्रे साध्या टेलिफोनच्या तारेवरून गेली. सामान्य ग्राहकांना जाळे खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे नंतर नऊ वर्षांनी. माझा जन्म त्याच्याही बराच पुढचा.

या कार्यगटाची एक उणीव मात्र आज आपण सगळेच भोगतो आहोत. ते थोडके होते, एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे जाळ्यात चोर शिरेल अशी तजवीज त्यांनी पहिल्यापासून फारशी केली नाही. घरात सगळी घरचीच, कडी कशाला? त्या बिनकडीच्या घरात आज सारे जग राहायला आले आहे. माझ्या मावशीला एक फोन आला, तिने आलेला आकडा सांगितला आणि बचत गटाचे पैसे गेले. त्याचा सगळा दोष त्या मुलांच्या माथी मारणे बरोबर नाही, फसवणारे जाळ्यावाचूनही फसवतात. पण विश्वासावर बांधलेली वस्तू मोठी झाली की विश्वास तेवढाच मोठा होत नाही, हे त्यांनी आधी ओळखायला हवे होते असे मला वाटते. याला टिपण काढून उत्तर देता येते का, ते जाणकारांनी सांगावे.

असो. माझी मागणी लहान आहे. आपल्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात दोरीने बांधलेली एक जाड वही ठेवावी. तिच्यात कोणीही लिहावे, विद्यार्थ्याने लिहावे आणि प्राध्यापकांनीही लिहावे. प्रत्येक टिपणाला क्रमांक, तारीख आणि नाव असावे. किमान लांबी एक वाक्य. पान फाडायचे नाही, खोडायचे नाही. पटले नाही तर पुढच्या क्रमांकाने लिहायचे. शुद्धलेखन कोणी तपासायचे नाही, निदान त्या वहीत तरी नाही. ग्रंथपालांना मी विचारले. ते म्हणाले, वही आपण देऊ, पण पहिले पान कोण लिहिणार? कोणी लिहीत नाही गं.

म्हणून पहिले पान इथेच लिहिते. वही आली की त्यात उतरवीन.

टिपण क्रमांक १. बाजार समितीतील हमालांचे शब्द. एकूण ३७, त्यांपैकी १९ चे अर्थ माहीत, १८ चे नाहीत. पूर्ण यादी वहीत देते. प्रश्न : (अ) मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, पायलीने मोजणे थांबून काट्यावर वजन सुरू झाले तरी बाबा पहिल्या वजनाला 'लाभ' म्हणत, असे आणखी कोणी म्हणते का? (आ) तराजूचा धडा आणि पुस्तकातला धडा हा शब्द एकच की दोन? (इ) 'बारदान' फारसीतून आला असे शब्दकोशात दिसते, मग तो येण्याआधी रिकाम्या गोण्यांना काय म्हणत असत? (ई) गोणी एकट्याने उचलण्याला आणि दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देण्याला वेगळे शब्द आहेत. तुमच्या गावी ते कोणते? ज्यांच्या घरी हमाल, मापाडी किंवा अडत्या आहे त्यांनी आज रात्री जेवताना विचारावे. अभिप्रायार्थ सादर.